पलंगाखालची पदवी

भातुकली आपण सगळ्याच खेळलो आहोत. एकीने आई व्हायचं, एकीने सासू, एकीने पाहुणी. कुणी काय बोलायचं हे कुठे लिहिलेलं नसायचं, पण सासू झालेली पोरगी बरोबर घरातल्या आजीसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर ज्यांना ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणतात, मुलं थोडक्यात ‘आरपीजी’ म्हणतात, ते मुळात हेच. आपण दुसरं कुणीतरी व्हायचं. त्याच्या पायांनी गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायचं. भातुकलीत चूल मांडलेली असते, इथे सगळं जगच मांडून ठेवलेलं असतं.

हा विषय आज काढायचं कारण आमच्या बचत गटाची बैठक. हप्त्यांचा हिशेब झाला की गाडी हमखास मुलांच्या मोबाइलवर येते. “काय करू वं ताई, पोट्टं आयकतच नाई. दिवसभर त्याच्यात मुंडकं खुपसून बसते,” हे वाक्य मी मंगरूळपीरच्या प्रत्येक वस्तीत ऐकलं आहे. तक्रार खोटी नाही. पण मुलगा नेमकं काय खेळतो, असं विचारलं की “ते काय ठाऊक बाई” असं उत्तर येतं. आपल्याकडची पोरं बहुतेक करून बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स असले बंदुकांचे खेळ खेळतात. त्यात गोष्ट अशी फारशी नसते, शेवटपर्यंत कोण जिवंत राहतं एवढंच असतं. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदाच केला. ते दोन्ही विषय वेगळे. मला आज बोलायचं आहे ते गोष्ट सांगणाऱ्या खेळांबद्दल, कारण गोष्ट हा आपल्या बायकांचा प्रांत आहे.

माझा भाचा पुण्याला शिकतो. दिवाळीला आला की लॅपटॉप सोबत असतोच. “मामी, तू नुसती बघ तरी,” असं म्हणून त्याने मला शेजारी बसवलं. फराळाची कामं आटोपल्यावर चार-पाच संध्याकाळी मी बसले. बंदुकीचा आवाज झाला की उठायचं, असं आमचं ठरलं होतं. उठायची वेळ आली नाही.

पाहता पाहता एक लक्षात आलं. हे खेळ दोन तऱ्हांनी गोष्ट सांगतात. एक, समोर बसवून सरळ सांगतात. दुसरे गोष्ट लपवून ठेवतात आणि म्हणतात, शोध.

सरळ सांगण्याची रीत जुनी. या प्रकारच्या खेळांचा जन्मच तोंडी गोष्टीतून झाला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. त्यात कॉम्प्युटर वगैरे काही नव्हता. टेबलाभोवती मंडळी बसायची, एक जण सूत्रधार होऊन सांगायचा की तुम्ही आता अंधाऱ्या भुयारात शिरला आहात, समोर दोन वाटा आहेत, बोला. मग फासे टाकायचे. म्हणजे आपले कीर्तनकार बुवाच म्हणा ना, फक्त श्रोत्यांनी मध्येच उठून आख्यान वळवायचं. पुढे हेच कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा सूत्रधाराच्या जागी सिनेमासारखे प्रसंग आले. १९९७ साली जपानमध्ये ‘फायनल फॅन्टसी ७’ नावाचा गेम निघाला. त्यात फुलं विकणारी एरिथ नावाची मुलगी गोष्टीच्या मध्यावरच मारली जाते. खेळणारा हातात बटणं घेऊन नुसता बघत राहतो, काही करू शकत नाही. तेव्हाची मुलं आता चाळिशीत असतील, अजून त्या प्रसंगावर बोलतात म्हणे.

आपल्या पुण्यातही असा एक गेम तयार झाला आहे, हे मला भाच्याकडूनच कळलं. नाव ‘राजी’. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने तो केला, २०२० मध्ये तो जगभर विकायला आला. अविचल सिंग, इअन मॉड आणि श्रुती घोष ही त्यामागची मंडळी. श्रुती घोष चित्रकार. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागून पाहिली होती, ठरलेली रक्कम जमली नाही. तरी तीन वर्षांत गेम पुरा केला. राजी ही खेळ करून पोट भरणारी पोरकी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधत निघते. भावासाठी बहीण निघाली आहे, हे बघून मला बरं वाटलं. नेहमी उलटं असतं.

‘राजी’मध्ये गोष्ट सांगतात ते साक्षात दुर्गा आणि विष्णू. राजी चालत असते आणि वरून दोघे बोलत असतात, पोरगी कशी आहे, आता काय करेल. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवले आहेत. ते पाहून मला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची आठवण झाली. तिथले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. त्यांच्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एक-एक चित्र उचलून दाखवायचं आणि गाऊन सांगायचं, ही सरळ सांगण्याची अस्सल देशी पद्धत. ‘राजी’मध्ये भिंतींवर देवादिकांची चित्रंही आहेत. त्यांच्याजवळ जाऊन थांबलं तर त्यामागची कथा ऐकू येते, नाही थांबलं तर राजी आपली पुढे निघून जाते. माझं मत विचाराल तर देव जरा जास्तच बोलतात. एखादी भिंत मुकी राहू दिली असती तरी चाललं असतं.

आता दुसरी तऱ्हा. २०११ साली जपानमध्येच ‘डार्क सोल्स’ नावाचा गेम निघाला. पडकं राज्य, राखेचा रंग, अक्राळविक्राळ राक्षस. माझ्या आवडीचं त्यात काही नाही. पण त्याची गोष्ट कुणी सांगतच नाही. एखादी अंगठी सापडते, तिच्याखाली दोन ओळी लिहिलेल्या असतात की ही अमक्या राणीची. दहा तासांनी दुसरीकडे एक मोडकी तलवार सापडते. दोन्ही जोडल्यावर कळतं की कुणी कुणाशी दगा केला. न जोडता नुसतं लढत राहिलं तरी गेम संपतो, गोष्ट मात्र हाती लागत नाही. तो करणारे हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत याचं कारण सांगितलं आहे. त्यांच्या लहानपणी घरी गरिबी होती. वाचनालयातून आपल्या वयाला न झेपणारी पुस्तकं ते आणत. अर्धं कळे, अर्धं कळत नसे. जे कळत नसे तिथे चित्रं बघून मनाने भर घालत.

हे ऐकून मी थबकलेच. आपली मराठी शाळेतली पोरं दुसरं काय करतात? गेम इंग्रजीत, पोराचं इंग्रजी बेताचं. अर्धं वाचायचं, अर्धं ताडायचं. आपण म्हणतो, त्याला काही कळत नाही तरी बसलाय. त्याला काहीतरी कळत असतं. काय ते आपण विचारत नाही.

पण ज्या गेमसाठी मी हा लेख लिहायला बसले तो वेगळाच आहे. त्याला काटेकोरपणे आरपीजी म्हणत नाहीत, पण दुसऱ्याच्या आयुष्यात शिरून बसायला लावण्यात तो कुणाला हार जाणार नाही. नाव ‘अनपॅकिंग’, म्हणजे खोकी उघडून सामान लावणे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये विच बीम नावाच्या छोट्या कंपनीने तो २०२१ मध्ये काढला. कल्पना रेन ब्रायर आणि टिम डॉसन या जोडप्याची. तो तिच्या घरी राहायला आला, दोघं मिळून खोकी उघडत होते, तेव्हा त्यांना ती सुचली.

खेळ एवढाच की घर बदललं आहे, खोकी पडली आहेत, एक-एक वस्तू काढायची आणि जागेवर ठेवायची. अहो, हे तर आपण जन्मभर करतो! सुरुवात १९९७ साली, एका लहान मुलीच्या खोलीपासून. मग २००४ मध्ये ती कॉलेजच्या खोलीत, २००७ मध्ये इतरांसोबतच्या घरात. मुलगी एकदाही दिसत नाही, बोलत नाही. तिचं नावसुद्धा कळत नाही. पण तिचं मऊ खेळणं प्रत्येक घरात सोबत येतं, चित्रांचं सामान वाढत जातं, भांडी वाढतात. तुम्ही तिला ओळखायला लागता.

२०१० मध्ये ती एका तरुणाच्या घरी राहायला जाते. त्याचं घर आधीच भरलेलं. त्याच्या वस्तूंना जागा आहे, तिच्या वस्तूंसाठी सरकवासरकव करावी लागते. खोक्यातून तिची पदवी निघते, चौकटीत बसवलेली. आता ही लावायची कुठे? भिंतीवर जागा नाही. कपाटात बसत नाही. चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तूला गेम लाल कड दाखवतो, तशी ती कड जाता जात नाही. शेवटी एकच जागा उरते, पलंगाखाली.

२०१२ साली ती परत आईवडिलांच्या घरी, त्याच लहानपणच्या खोलीत. खोक्यातून त्या तरुणासोबतचा फोटो निघतो, आणि तो दर्शनी ठेवलेला गेमला चालत नाही. तो कुठेतरी लपवायचा. एक शब्द न बोलता सगळं सांगून झालं. (पुढे तिचं बरं होतं, काळजी नको. शेवटच्या घरात बाळाची खोली लावायची असते.) २०२२ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत उत्कृष्ट कथनाचा पुरस्कार या जवळजवळ मुक्या गेमला मिळाला.

ते २०१० सालचं घर मी भाच्याकडून लॅपटॉपवर लावून घेतलं आणि गटातल्या सात-आठ जणींना घरी चहाला बोलावलं. कुणीही आयुष्यात गेम खेळलेला नव्हता. पहिली दहा मिनिटं हसण्यात गेली. “तवा तिथं ठेवते का वं कोणी?” मग हळूहळू सगळ्या पुढे सरकल्या. पदवी निघाली. एकीने भिंत दाखवली, दुसरीने कपाट, तिसरी म्हणाली, त्याचं ते चित्र काढून तिथे लाव. ते काही होईना. पलंगाखाली गेली तेव्हा लाल कड नाहीशी झाली आणि खोलीत कुणीच बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यात मोठी, पन्नाशीची बाई, चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाली, “मायी डिग्री बी पेटीतच हाये, ताई. पोरायले ठाऊक नाई.” त्या बीए झालेल्या आहेत हे त्यांच्या मुलांना ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं, आणि गटात त्या सहा वर्षं आहेत.

लपवलेली गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. गाण्यांमधून सासर-माहेराची गोष्ट उघड सांगितली जाते, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची असते. गोड की तिखट, लाडू की चिवडा, आवाजावरून सांगा. म्हणजे एकाच खेळात दोन्ही तऱ्हा. जात्यावरच्या ओव्यांचं तर काय सांगावं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येत आहेत. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने सासूचा जाच सासूला ऐकू जाईल असा सांगितला नाही. तिने तो भावाला उद्देशून सांगितला, विठ्ठलाला सांगितला, जात्यालाच सांगितला. समजणारीला समजायचं.

इथे मला एक फरक करावासा वाटतो. गेम तयार करणारा माणूस गोष्ट लपवतो तो हौसेने. खेळणाऱ्याला शोधायला मजा यावी म्हणून. जात्यावरच्या बाईला दुसरा मार्गच नव्हता. त्यामुळे लपवून सांगणं किती सुंदर, असं कुणी फार कौतुकाने बोललं की मी जरा सावध होते. सुंदर आहेच. पण शोधणारं कुणी नसेल तर गोष्ट पलंगाखालीच राहते.

अशीच एक राहता राहता वाचलेली गोष्ट ‘वेन्बा’ या २०२३ च्या गेममध्ये आहे. कॅनडातल्या टोरंटोमध्ये तमिळ वंशाच्या मुलांनी तो केला. १९८८ साली तमिळनाडूतून कॅनडात गेलेली वेन्बा, तिचा नवरा, पुढे मुलगा. खेळ सगळा स्वयंपाकघरात. तिच्या आईची पाककृतींची वही सोबत आहे, पण ती फाटलेली, शाई उडालेली. ओळी गायब झालेल्या जागी आपण डोकं लढवायचं, इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, पुट्टूत काय आधी घालायचं. मुलगा इंग्रजीत वाढतो, आईच्या भाषेपासून लांब जातो. मोठेपणी तीच वही उघडून तो रांधायला उभा राहतो. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये मुलं असलेल्या आपल्याही घरोघरच्या आया आता झाल्या आहेत. सांडग्यांचं प्रमाण वहीत लिहून ठेवलंत का, एवढंच विचारते. ‘अंदाजाने’ असं लिहिलेलं चालणार नाही.

पण काही गोष्टी लपवून सांगण्याच्या नसतातच. कोलकात्याच्या छायाचित्रकार लीना केजरीवाल यांनी मुलींच्या तस्करीवर ‘मिसिंग’ नावाचा गेम २०१६ मध्ये आणला. हा खराखुरा रोल प्लेइंग गेम, मोबाइलवर फुकट. तुम्ही पळवून नेलेली, विकलेली मुलगी होता. काय बोलायचं, कुणाचं ऐकायचं, पळायचं की थांबायचं, प्रत्येक वेळी तुम्ही ठरवायचं. गोष्ट अगदी सरळ आहे, आडपडदा नाही, आणि इथे तो नकोच. किशोरवयीन मुलींच्या बैठकीत मी वर्षानुवर्षं सांगत आले की ओळख नसलेल्याने नोकरीचं आमिष दाखवलं तर घरी सांगा. मुली माना डोलावतात. मोठ्या गावाला कामाला लावतो म्हणणारा माणूस पहिल्या भेटीत किती चांगला वागतो, हे मात्र सांगून कळत नाही. स्वतः उत्तर निवडून फसल्यावर कळतं, आणि गेममध्ये फसलेलं परवडतं. इथे सांगणं आणि लपवणं याच्या पलीकडची तिसरी तऱ्हा आहे. करून बघणं. आरपीजीचं खरं बळ तेच असावं.

मुलींच्या हातात मात्र फोन नसतो. घरातला फोन भावाकडे असतो, हेही आलंच. त्यामुळे मी यंदाच्या बैठकीत कागद वाटले. ‘अनपॅकिंग’ची गोष्ट तोंडी सांगितली आणि म्हटलं, तुमच्या घरातली एक खोली काढा. माणूस एकही काढायचं नाही, पण तिथे कोण राहतं ते आम्हाला कळलं पाहिजे. नाव लिहायचं नाही. कागद गोळा केले आणि आम्ही सगळ्या मिळून एकेक ओळखत बसलो, खिरापत ओळखावी तसं.

एकीने फळी काढली होती. वर भावाची क्रिकेटची ढाल, खाली ज्वारीच्या कोठीमागे पुस्तकांची पिशवी. एकीने अंगणात उलटी ठेवलेली सायकल, बिनहवेची. मुली लगेच म्हणाल्या, हिची शाळा लांब आहे आणि बाप बाहेरगावी कामाला असतो. बरोबर निघालं. एकीने चुलीशेजारी झाकून ठेवलेलं एकच ताट काढलं, ते कुणाला ओळखता आलं नाही. तिने सांगितलं, आजी उशिरा जेवते, सगळ्यांचं झाल्यावर.

शेवटच्या कागदावर खोलीच नव्हती. नुसतं दार होतं, आणि कडी बाहेरून लावलेली. मुली हसल्या, म्हणाल्या, ही चित्र काढायचं विसरली. मी हसले नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. अक्षर नसलं तरी खडूचा रंग कुणाकडे होता ते माझ्या लक्षात होतं. पुढच्या आठवड्यात आमच्या अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन मी तिच्या घरी गेले. आईने चहा केला. बारावीनंतर पोरीचं नाव कॉलेजात घालायचं की नाही, यावर घरात बोलणं चालू आहे, असं वडील म्हणाले. बोलणं दोन वर्षं चालू आहे. प्रवेशाचा अर्ज मी सोबतच नेला होता, तो टेबलावर ठेवून आले. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.